जिवंत माणसाविषयी साक्ष

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



स्मृती व्याख्यानाला उभ्या राहिलेल्या वक्त्याची एक सोय असते. ज्यांच्या नावाने माला चालते त्यांच्याविषयी त्याने चार चांगले शब्द बोलले, तर कोणी हरकत घेत नाही. ही माला ज्यांच्या स्मृतीची, त्या गुरुजींविषयी प्रास्ताविकात आत्ता जे सांगितले गेले ते सगळे खरे आहे. शाळा सुटल्यावर ते कच्च्या मुलांना थांबवून शुद्धलेखन घेत, मंडळीच्या हिशेबाची वही पैपैशापर्यंत जुळवत आणि उपासनेला सगळ्यांच्या आधी हजर असत. ऐकताना मला एवढेच वाटत होते, की यातले एखादे वाक्य त्यांच्या हयातीत कोणी त्यांना ऐकवले असेल का? माणूस गेला की आपली जीभ सैल होते. एरवी वर्षानुवर्षे शेजारच्या बाकावर बसूनही ज्याला ‘तुम्ही हे फार चांगलं करता’ असे म्हटले नाही, त्याच्या अंत्यविधीला आपण वीस मिनिटे बोलतो. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम जिवंत माणसांचा निवडला आहे. दुसऱ्याचे मनापासून, खरे कौतुक करणे ही ख्रिस्ती माणसाने नातेसंबंधांत पाळायची एक साधना आहे, आणि आपण ती फारशी पाळत नाही, हे मला मांडायचे आहे.

आपण कौतुकाला आखडता हात घेतो त्याची कारणे आपल्याला ठाऊक आहेत. घरात पोराचे कौतुक केले तर ते लाडावेल, शिवाय दृष्ट लागेल. कार्यालयात हाताखालच्याला शाबासकी दिली तर तो डोक्यावर बसेल. आणि जेवणाच्या पानावर तर एक अलिखित कायदाच आहे. आमटीत मीठ कमी पडले तर पहिल्या घासाला बोलायचे, आणि सगळे नीट जमले असेल तर गप्प जेवून उठायचे. ‘काही बोललो नाही म्हणजे चांगलंच झालं होतं, कळायला नको?’ असे म्हणणारे नवरे माझ्या पिढीत घरोघरी होते. स्वयंपाक करणारीला चाळीस वर्षे आपल्या कामाची पावती दुसऱ्याच्या मौनातून वाचावी लागली. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात कर्तबगार बाईचे वर्णन आहे. ते आपण लग्नात आणि मातृदिनाला आवडीने वाचतो. त्यात तिचा नवरा आणि मुले उठून तिची वाखाणणी करतात, तीही बोलून. तेवढी ओळ मात्र आपण ऐकून सोडून देतो.

मंडळीत याला आणखी एक कारण जोडले जाते, आणि ते धार्मिक असल्यामुळे जास्त अवघड आहे. कोणी चांगले गायले, कोणी आजाऱ्याची रात्रंदिवस सेवा केली, आणि आपण काही बोलायला गेलो, की लगेच उत्तर येते, ‘गौरव देवाला.’ ते बरोबरच आहे. पण त्या दोन शब्दांच्या आड आपण आपला कद्रूपणाही लपवतो. गौरव देवाचा आहे, मग माणसाला काय सांगायचे, असा हिशेब आपण करतो. हा हिशेब पौलाला पटला नसता.

नव्या करारात पौलाच्या नावावर जी पत्रे आहेत, त्यांतल्या मंडळ्यांना लिहिलेल्या बहुतेक पत्रांची सुरुवात पाहा. नमस्कार झाला की तो आभाराकडे वळतो. आभार देवाचे, पण विषय ती माणसे: त्यांचा विश्वास, त्यांची प्रीती, संकटातला त्यांचा धीर. आणि हे तो खोलीचे दार लावून एकट्याने प्रार्थनेत म्हणत नाही. पत्रात लिहितो, आणि ते पत्र सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने वाचले जायचे होते. थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र हे त्याच्या पत्रांतले बहुधा सर्वांत जुने, इसवी सन ५०च्या आसपासचे. त्यात तो हे आभार पुन्हा पुन्हा मानतो. म्हणजे देवाचा गौरव आणि माणसाचे कौतुक यांत निवड करायची वेळ त्याच्यावर आलीच नाही. माणसात जे चांगले दिसले ते देवाचे काम आहे असे एकदा मानले, की ते पाहून गप्प बसणे हीच कृतघ्नता ठरते.

त्याच पत्रात तो आणखी एक गोष्ट सांगतो. आपण कधी खुशामत केली नाही, असे तो ठामपणे म्हणतो आणि त्याला देव साक्षी असल्याचे सांगतो. एवढे तोंडभरून कौतुक करणारा माणूस तोंडपुजेपणाचा आरोप इतक्या बेधडक नाकारतो, कारण त्याच्या लेखी या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. आपल्या मंडळीत जी साक्ष देण्याची रीत आहे, तिच्यातून हा फरक मला नीट कळतो. शनिवारच्या सभेत कोणी उठतो आणि देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगतो. ऐकीव सांगत नाही, आपण पाहिलेले, भोगलेले सांगतो. कौतुक ही दुसऱ्या माणसाविषयी दिलेली तशीच साक्ष आहे. जे मी स्वतः पाहिले तेवढेच सांगायचे, वाढवून सांगायचे नाही, आणि सांगितल्याबद्दल काही मागायचे नाही. खुशामत करणाऱ्याने काही पाहिलेले नसते, त्याला काही हवे असते. तो समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवतो आणि खाली उभा राहून हरभरे वेचतो.

साक्षीला नाव लागते आणि तपशील लागतो. आपल्याकडे आभारप्रदर्शन कसे होते? ‘ज्यांनी ज्यांनी ज्ञात-अज्ञातपणे साहाय्य केले त्या सर्वांचे आभार, अनवधानाने कोणाचे नाव राहून गेले असल्यास क्षमस्व.’ खुर्च्या मांडणारा, पाण्याचे पिंप भरणारी, पडद्यामागे वायर धरून दोन तास बसलेला पोरगा हे सगळे त्या ‘अज्ञात’मध्ये जमा होतात. याच्या शेजारी रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय ठेवा. पत्र वाचताना तो बहुतेक जण गाळतात, कारण वरवर पाहता ती नुसती नावांची यादी आहे. पण यादी वाचून पाहा. किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका फीबी, जिने अनेकांना आणि खुद्द पौलाला मदत केली. प्रिस्का आणि अक्विल्ला, ज्यांनी त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. मरिया, जिने तिथल्या लोकांसाठी पुष्कळ कष्ट घेतले. पर्सिस, तीही कष्टकरी. रूफाची आई, जी पौलालाही आईसारखी झाली. सुमारे २५ माणसांना तो एकेक करून सलाम सांगतो, त्यांत पुष्कळ बायका आहेत, आणि अनेकांच्या नावापुढे त्या माणसाने काय केले त्याची खूण आहे. पौल तोपर्यंत रोमला गेलेलाही नव्हता. त्याने ही माणसे इतरत्र पाहिली होती, काहींविषयी ऐकले होते, आणि ती सगळी लक्षात ठेवली होती. कौतुक करायचे तर आधी लक्ष द्यावे लागते. ज्याचे इतरांकडे लक्षच नाही, तो ‘छान, छान’ याच्यापुढे जाऊ शकत नाही.

फिलिप्पैकरांस पत्रातला एक प्रसंग मला फार आवडतो. फिलिप्पैच्या मंडळीने तुरुंगातल्या पौलासाठी एपफ्रदीत नावाच्या माणसाबरोबर मदत पाठवली. तो तिथे मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला. बरा झाल्यावर पौलाने त्याला परत धाडले, आणि ज्या पत्रात त्याला परत धाडत असल्याचे लिहिले, त्याच पत्रात अशा माणसांचा मान राखा असेही लिहिले. ते पत्र घेऊन जाणारा एपफ्रदीतच असावा असे मानतात. म्हणजे ज्या दिवशी पत्र वाचले गेले त्या दिवशी तो तिथेच कुठे तरी बसलेला असणार. घर सोडून गेलेला, हातून काम अर्धवट राहिले असे ज्याला वाटत असेल, असा तो माणूस आपल्याविषयीचे ते शब्द गावासमोर ऐकतो आहे. त्याच पत्रात पुढे युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांच्या भांडणाचा उल्लेख आहे. भांडण मिटवा असे पौल सांगतो, आणि त्याच दमात या दोघींनी आपल्या बरोबरीने सुवार्तेसाठी श्रम केल्याची आठवण करून देतो. आपल्या मंडळ्यांतली भांडणे मिटवायला बसणाऱ्या पंचांनी हे ध्यानात घ्यावे. दोघांच्या चुका मोजण्याआधी दोघांचे श्रम मोजावेत.

मग पौल उठता-बसता सगळ्यांनाच वाखाणत सुटला होता का? गलतीकरांस पत्र काढा. तिथे नमस्कारानंतर आभार नाहीत. तो थेट रागावूनच बोलायला लागतो. जे नाही ते आहे असे त्याने म्हटले नाही. प्रकटीकरणातही आशियातल्या सात मंडळ्यांना पत्रे आहेत. इफिसला आधी शाबासकी आणि मग तक्रार, स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांना दोष नाही, आणि लावदिकीयाला कौतुकाचा एक शब्दही नाही. ज्याच्या गप्प राहण्याला अर्थ असतो, त्याच्याच कौतुकाला वजन येते. प्रत्येक भाषणाला ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्या माणसाची दाद कोणी घरी नेत नाही.

आता प्रभूकडे पाहू. येशूने कोणाकोणाचे कौतुक केले याची यादी केली तर एक गोष्ट लगेच दिसते. परक्या सैन्यातला शताधिपती, आपल्या मुलीसाठी हट्ट धरणारी कनानी बाई, मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणारी विधवा, बेथानीत सुगंधी तेल ओतणारी बाई. मार्कने तिचे नावही दिलेले नाही. तिथे बसलेले लोक ‘केवढी ही नासाडी’ म्हणून तिच्यावर गुरकावत होते, आणि येशू तिच्या बाजूने बोलला. तिने जमले ते केले, आणि जिथे जिथे सुवार्ता सांगितली जाईल तिथे तिचे काम सांगितले जाईल, असे त्याने जाहीर केले. त्या क्षणी तिच्या बाजूने बोलणे सोपे नव्हते. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घालून आलेल्याला पुढची जागा देणाऱ्या मंडळीला फटकारले आहे. खुशामत नेहमी खालून वर जाते: पाळकाकडे, देणगीदाराकडे, साहेबाकडे. येशूचे कौतुक खाली आणि बाजूला वळते. आपल्या कौतुकाची खरी कसोटी तीच. महिन्याभरात आपण कोणाकोणाला चांगले म्हटले ते आठवून पाहावे, आणि त्यांतल्या किती जणांकडून आपले काही काम होते तेही मोजावे.

दुसरी कसोटी पाठीमागची. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात होता. त्याच्या मनात शंका आली, आणि तो येणारा तूच का, हे विचारायला त्याने आपली माणसे येशूकडे पाठवली. त्याच्या विश्वासाचा तो पडता काळ होता. येशूने त्यांना उत्तर दिले. लूक लिहितो की ती माणसे निघून गेल्यावर येशू लोकांशी योहानाविषयी बोलू लागला, आणि स्त्रीपासून जन्मलेल्यांत त्याच्याहून मोठा कोणी नाही असे म्हणाला. योहानाच्या कानावर ते लगेच जाणार नव्हते. आपली रीत बरोबर उलटी. तोंडावर गोड आणि उंबरठा ओलांडला की सुरू. जर्मन धर्मवेत्ते डीट्रिख बोनहोफर यांनी १९३५ ते १९३७ या काळात फिंकेनवाल्ड इथे चालवलेल्या पाळकांच्या प्रशिक्षणशाळेत एक नियम होता. गैरहजर बंधूविषयी बोलायचे नाही, आणि बोलणे झालेच तर त्याला जाऊन सांगायचे. हा नियम मोडला जाई आणि त्यातूनच पुष्कळ शिकायला मिळाले, असे तिथल्या मंडळींच्या आठवणींतून कळते. १९३७ साली नाझी पोलिसांनी ती शाळा बंद केली. हा नियम आपल्याला जड वाटत असेल, तर त्यातला अर्धा तरी पाळू या. माघारी बोलायचेच असेल तर चांगले बोलू या.

तिसरी कसोटी अशी, की कौतुकाची किंमत आपण मोजतो का. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात कुप्र बेटावरचा एक लेवी भेटतो, योसेफ नावाचा. प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव दिले, धीर देणारा अशा अर्थाचे. शौल यरुशलेमेत आला तेव्हा कालपर्यंत आपल्याला पकडून नेणाऱ्या या माणसावर कोणाचा विश्वास बसेना. बर्णबाने त्याला हाताला धरून प्रेषितांपुढे नेले आणि त्याच्या वतीने साक्ष दिली. शौल दगलबाज निघाला असता तर बर्णबाचे नावही बुडाले असते. पुढे अंत्युखियात काम वाढले तेव्हा तो तार्सला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. शौलाचा पौल झाला, नाव मोठे झाले, आणि मार्कला बरोबर घ्यायचे की नाही यावरून दोघांचे कडाक्याचे बिनसले. मार्क आधीच्या दौऱ्यातून मध्येच परत गेला होता. बर्णबाने त्याचाही हात सोडला नाही. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात हाच मार्क आपल्या उपयोगाचा आहे, त्याला घेऊन ये, असे शब्द येतात. एका माणसाने दोन नाकारलेल्या माणसांवर भरवसा ठेवला, आणि आपल्या हातातल्या नव्या कराराचा बराच भाग त्या दोघांच्या नावावर आहे.

महाराष्ट्रात याचा दाखला शोधायला लांब जायला नको. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांनी तिथे कविता म्हटली, आणि संमेलनाचे अध्यक्ष कर्नल डॉ. कीर्तिकर यांनी त्यांना बालकवी ही पदवी दिली. पदवी देणे सोपे असते, सभा संपली की अध्यक्ष आपल्या गावी जातात. संमेलनाला रेव्हरंड नारायण वामन टिळकही होते. त्यांनी या पोराचे कौतुक केले आणि पुढे त्याला आपल्या अहमदनगरच्या घरात राहायला जागा दिली. त्या घरात पैशाची चणचण नेहमीचीच होती. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागवले, कौतुकाबरोबर बोलणीही ऐकवली. ठोंबरे ख्रिस्ती नव्हते, झालेही नाहीत, आणि टिळकांच्या प्रेमात त्यामुळे फरक पडला नाही. १९१८ साली भादली स्टेशनजवळ आगगाडीखाली सापडून बालकवी गेले. मराठीला जी निसर्गकविता मिळाली, तिच्यातल्या काही वर्षांची भाकरी एका ख्रिस्ती पाळकाच्या घरची आहे.

आणि लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ घ्या. टिळक १९१९ साली वारले, पुस्तक १९३४ पासून भागाभागाने छापले गेले. बायकोने नवऱ्यावर लिहिलेले इतके निखळ कौतुक मराठीत विरळा. पण त्यात टिळकांचा संतापी स्वभाव आहे, पैसा हातात न टिकणे आहे, न सांगता घर सोडून जाणे आहे, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेली ताटातूटही आहे. काही झाकलेले नाही, आणि म्हणूनच टिळकांचे मोठेपण वाचकाला पटते. आपल्याकडची कित्येक गौरवपर चरित्रे कपाटात पडून राहतात, कारण त्यांतल्या माणसाला एकही अवगुण नसतो, आणि तसा माणूस कोणी पाहिलेला नसतो.

आई-बापांशी आणि शिक्षकांशी थोडे बोलतो. रुपयांच्या दाखल्यात, म्हणजे मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात, धनी परत येतो. पाचाचे दहा करणाऱ्याला तो जे शब्द बोलतो, तेच शब्द, अक्षरही न बदलता, दोनाचे चार करणाऱ्याला बोलतो. एकाला शाबास आणि दुसऱ्याला ‘बरं आहे, पण त्याच्याकडे बघ’ असे होत नाही. शाबासकी नफ्याच्या आकड्याला नव्हती, विश्वासूपणाला होती. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी घरातल्या दोन भावंडांना समोर उभे करून हा अध्याय वाचावा आणि मग तोंड उघडावे. पहिल्याचे कौतुक करताना दुसऱ्याला टोमणा बसत असेल, तर ते कौतुक नव्हे.

घेणाऱ्याविषयीही एक शब्द. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात, लोकांनी वाखाणले की आपल्याला बरे वाटते, हे मान्य करून त्या मोहाची बारकाईने झडती घेतली आहे. कौतुकाने माणूस फुगतो, ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय दुसऱ्याने गप्प बसणे हा नाही. कोणी चांगले म्हटले तर ‘छे छे, माझं कसलं’ असे म्हणून त्याची साक्ष खोटी पाडू नये. आभार मानावेत, मनातल्या मनात देवाला सांगावे आणि कामाला लागावे.

ज्यांना घरात, मंडळीत, नोकरीत अनेक वर्षे फक्त चुका ऐकाव्या लागल्या, त्यांना दुसऱ्याचे कौतुक करा म्हणणे जड जाते, याची मला जाणीव आहे. त्यांनी घाई करू नये. पण उरलेल्या आपण सर्वांनी करावी. आज घरी गेल्यावर एक नाव काढा. ज्याच्याकडून तुमचे कोणतेही काम अडलेले नाही असे. सकाळी चर्चची कुलपे उघडणारा, पेटीवर बसणारी, तुमच्या वडिलांच्या आजारपणात डबा आणून देणारी शेजारीण, किंवा ज्याच्याशी तुमचे बोलणे बंद आहे तो भाऊ. त्याने केलेली, तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट त्याला सांगा. जमल्यास चार लोकांत सांगा, आणि बोलता येत नसेल तर पत्र लिहा. एका वेळी एकच गोष्ट, खरी आणि नाव घेऊन. ‘पण’ जोडू नका. बदल्यात काही मागू नका. पुढच्या वर्षी या मालेत कोणी तरी कोणाच्या तरी आठवणी सांगेल, तेव्हा त्या त्या माणसाने हयातीत ऐकलेल्या असाव्यात, एवढे आपल्या हातात आहे. ते करा.